दहा हजारांत सात

बीड,
२१ सप्टेंबर २००३

प्रिय रोहिणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडता ठेवून दिलं असतंस, तरी तुझं काही चुकलं नसतं. उघडलं आहेस, तर शेवटपर्यंत वाच.

आपल्या रक्तपेढीच्या कामाचं काय झालं ते आधी सांगते. तू पुणं सोडल्यावर चारही सर्व्हर साहेबांना हवे होते तसेच सुरू झाले. एकावर रक्ताची पिशवी कुणाच्या नावे लागली, की त्यानं बाकी तिघांना निरोप धाडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. पोचला का, हे विचारायचं नाही. तू पहिल्यापासून म्हणत होतीस, प्रत्येकाची पोच घ्या, नाही आली तर पुन्हा पाठवा, आणि तरीही जो गप्प राहील त्याला गटातून बाहेर काढा, म्हणजे तो जुन्या माहितीवर पिशव्या वाटत बसणार नाही. साहेबांचं एकच, इतकं थांबत बसलो तर गिऱ्हाईक पळेल.

चाचणी आपण दोघींनीच केली होती. तू टेबलाखाली वाकून वायर उपटायचीस आणि मी पडद्यावर बघायचे. दहा हजारांत सात निरोप हरवले. बैठकीत साहेबांनी मलाच विचारलं, "किती हरवले?" मी म्हणाले, "नगण्य." माझी बढती तोंडावर आली होती गं. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. महिनाभरात तू राजीनामा दिलास.

ऑगस्टमध्ये नगरच्या एका दवाखान्यात बाळंतपणाची बाई अडली. आपल्या पडद्यावर तिच्या रक्तगटाची पिशवी शिल्लक दिसत होती, त्या भरवशावर डॉक्टरांनी ऑपरेशन सुरू केलं. पण ती पिशवी तासाभरापूर्वीच दुसऱ्या पेशंटला गेली होती, आणि एका सर्व्हरला ते कळलंच नव्हतं. दिराचा गट जुळला म्हणून बाई वाचली. ते दोन तास मी फोनपाशी बसून होते. "आई आणि बाळ, दोघंही ठीक आहेत," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे मी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चाचणीचा कागद साहेबांपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "रोहिणीनं लिहिलेलं अजून आहे का?" होतं. आता तेच चालू आहे. पडदा जरा रेंगाळतो, पण एकाही दवाखान्यानं कुरकुर केलेली नाही. माझी बढती गेली, ते बरंच झालं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी सुट्टीवर घरी आले आहे, आणि परवा नारायणगडावर दर्शनाला गेले तर तिथे तुझी आई भेटली. माझा हात धरून म्हणाली, "पोरीला काम जमलं न्हाई म्हणून काढलं म्हणत्यात. लई गप गप ऱ्हाती घरात. खरं हाय का गं?" आणि रोहिणी, तुझ्या आईपुढेही माझं तोंड उघडलं नाही. घाई आहे म्हणून मी गर्दीत शिरले. म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं तुमच्या गावी, कड्याला येते आहे. तुला कुणी काढलं नाही, तू बरोबर होतीस आणि मी खोटं बोलले, हे तुझ्या आईवडलांना माझ्या तोंडून ऐकू दे. त्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्या दोघांना मात्र घरी थांबायला सांग.

तुझीच,
शिवकन्या