कानावर हात

सोमवार, ९ सप्टेंबर

'नाइट'मधले जी आणि एच काय करतात? — आज तिसरीतल्या एका पोराने विचारलं. काही करत नाहीत, नुसते बसून असतात, म्हटलं. मग लिहायचे कशाला? — बावीस वर्षं शिकवतेय, उत्तर नाही! ही स्पेलिंगं ज्याने ठरवली तो भेटला तर त्याला माझ्या वर्गात एक तास उभा करीन.

वर्ष सुरू झालं तेव्हा एक युक्ती काढली होती. मुकं अक्षर आलं की अंगठीने टेबलावर एकदा टक, एकच अक्षर जोडीने आलं की दोनदा. पोरं खूश. महिनाभर चालवलं, मग सांगून टाकलं — आता टक बंद, आपापल्या डोक्याने लिहा. आणि लिहितात! शुक्रवारच्या डिक्टेशनला वर्ग दहापैकी आठ-नऊच्या खाली येत नाही. मोठ्या बाईसुद्धा शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर बोलल्या. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

मुंगी सोडून. अक्षर मुंगीएवढं म्हणून हे नाव — मी ठेवलेलं, मनातल्या मनात. मागल्या शुक्रवारी चार. त्याआधी पाच. त्याआधी चार.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

परत चार.

आणि आज तिला नीट बघितलं. मी शब्द म्हणते, ती ऐकते, आणि लगेच दोन्ही कोपरं बाकावर टेकवून कान झाकते! मग एक हात सोडून लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. बाकीचे एकतीस जण माझ्याकडे टक लावून बघतात, कान टवकारून ऐकतात. ही खाली मान घालून, कानावर हात. दोनदा हटकलं. हात खाली घेतले. पुढच्या शब्दाला परत तेच.

शिकवणाऱ्याच्या तोंडावर कान झाकायचे! रागच आला. वहीवर लाल शाईत लिहिलं — लक्ष नसते.

रविवार, १५ सप्टेंबर

सामानाची यादी ह्यांना वाचून दाखवत होते. हे म्हणाले, "जरा ते टेबल बडवणं थांबव." मी कुठे बडवते! ह्यांना पेपर वाचताना माझा श्वासही मोठा वाटतो.

मंगळवार, १७ सप्टेंबर

मोठ्या बाईंचा नियम — लागोपाठ चार शुक्रवार सहाच्या खाली, तर मूल खालच्या मजल्यावर उजळणीच्या खोलीत. मुंगीचा नंबर लागला. फॉर्म माझ्या टेबलावर आहे.

ती खोली मला आवडत नाही. खिडकी अंगणाकडे नाही, भिंतीकडे. तिथे सगळं पुन्हा 'कॅट' आणि 'बॅट'पासून. थोड्या दिवसांसाठी म्हणून पाठवतात, पण तिथून वर परत आलेलं मूल मी अजून बघितलेलं नाही. पाचवीपर्यंत शिक्का बसतो. तरीही — मी काय करू? एकीसाठी एकतीस जणांना थांबवू?

दुपारी तिच्या आईला बोलावलं. नर्स आहे, ड्यूटीवरून तशीच आली. चिडेल, भांडेल असं वाटलं होतं. फॉर्म पूर्ण वाचला, मग म्हणाली, "घरी रोज एकटी बसून लिहिते हो. मी सांगायला गेले की मला बाहेर काढते. म्हणते, सांगू नकोस, मला येऊ दे. आता ह्याहून मी काय करू, तुम्ही सांगा."

मी पेन पुढे केलं. तिने सही केली. मग मी केली. सोमवारपासून खाली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितेय. वर्गातलं ते मेलं कपाट! दार अडकलं, ओढलं, बोट आत. क्षणात टम्म सुजलं. सोनाराने अंगठी कापून काढली, डॉक्टरने बोटभर पट्टी बांधली. पंधरा दिवस तरी हात जपा म्हणाला. जपते! फळा काय नाकाने पुसू?

शुक्रवार, २० सप्टेंबर

वह्या दोनदा तपासल्या.

आजचे शब्द सोपे होते. 'नी', 'लॅम', 'लेटर', 'रॅबिट' — सगळे दहा वेळा घोटून घेतलेले. आणि मार्क? दोन! तीन! एक! मॉनिटरला तीन! गुडघ्याचा के गायब, कोकराचा बी गायब, सशाला एकच बी. एका आठवड्यात एकतीस जणांच्या डोक्यातून सगळं वाहून गेलं? वर्गात सगळ्यांत जास्त मुंगीला — पाच. ह्यावरून बाकीच्यांनी काय दिवे लावले ते कळावं.

फार बोलले. तुमच्यापुढे डोकं फोडण्यापेक्षा त्या कपाटापुढे फोडलं असतं तर दार तरी उघडलं असतं, इथपर्यंत बोलले. कोणी हसलंसुद्धा नाही. सगळे माझ्या पट्टीकडे बघत बसले.

मुंगीने आज कान झाकले नव्हते. शेवटच्या दिवशी शहाणपण सुचलं.

सोमवार, २३ सप्टेंबर

मुंगी खाली गेली. दप्तर, पाण्याची बाटली, आणि बाकात चिकटवलेलं वेळापत्रक नखाने काढत बसली होती. राहू दे, म्हटलं. तिने ते तसंच अर्धं सोडलं.

मोठ्या बाईंनी मार्कांची वही मागवली. वाचून वही मिटली आणि परत दिली. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

पोरांची एक गंमत. सकाळपासून सातआठ जणांनी विचारलं — बाई, बोट दुखतं का? एकीने घरून मलम आणलं. शुक्रवारी इतकं बोलले तरी एवढी माया! रडूच आलं. उगाच ओरडले.

बुधवार, २५ सप्टेंबर

माया कसली!

मॉनिटरने आज हात वर केला. म्हणाला, "बाई, बोट बरं झालं की टक परत चालू होणार ना?"

कुठली टक? — मी. मग सगळेच सांगायला लागले, एकमेकांना थांबवत, अगदी अभिमानाने. एक टक म्हणजे मुकं. दोन म्हणजे जोडी. हळू वाजली तर अक्षर शेवटी. शेवटी! हे तर मी कधी शिकवलंही नव्हतं, पोरांनी माझ्यावरून शोधून काढलं! दर शुक्रवारी, प्रत्येक शब्दाला वाजवते म्हणे. कोणाच्याही चेहऱ्यावर चोरी केल्याचा भाव नाही. का असेल? बाईच सांगतायत म्हटल्यावर!

म्हणजे ते आठ-नऊ माझ्या अंगठीचे. मोठ्या बाईंनी कौतुक केलं ते अंगठीचं.

घरी येऊन ह्यांना विचारलं, मी टेबल वाजवते? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, लग्नापासून.

एकतीस जणांचे मार्क उतरले. एकीचेच का नाही उतरले?

गुरुवार, २६ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत खाली गेले. मुंगी एकटीच होती, 'कॅट' दहा वेळा लिहीत. विचारलं, डिक्टेशनला कान का झाकायचीस?

हातातला 'कॅट' पुरा केला. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना, टक बंद. पण तुम्ही विसरायचात. म्हणून मीच ऐकत नव्हते."

मला का नाही सांगितलंस?

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाई."

तिचं दप्तर मी उचललं, बऱ्या हाताने. जिन्यात तिने विचारलं, मोठ्या बाईंनी मला वर न्यायला सांगितलं का? म्हटलं, नाही, आता मी त्यांना सांगायला जाणार आहे.