दोन बोटं समास

बाई,

तुमचा फोटो मोठा करून शाळेच्या हॉलमध्ये लावणार आहेत. परवा शाळेतून एक तरुण शिक्षिका आली होती. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "अज्जी, शाळेचा उत्सव आहे. मुलांची नाटकं आहेत, कवायत आहे, जुनी हस्तलिखितं मांडणार आहोत, आणि जुन्या शिक्षकांचा गौरव. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या तुम्ही एकट्याच सापडलात बघा. स्वल्प आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, "सरी, बरं, देते." ती गेल्यावर कागद घेऊन बसले, तर गौरवाचं एक वाक्य सुचेना. जे सुचलं ते हे आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला मला कुणाची चोरी नाही.

तुम्ही बेळगावकडून या कानडी शहरात आलेल्या. पांढरं सुती लुगडं, काळी छत्री, आणि शाईच्या वड्यांनी निळी झालेली उजव्या हाताची दोन बोटं. म्युनिसिपालिटीच्या त्या दगडी शाळेत कानडीचे वर्ग सगळीकडे पसरलेले, आणि मागच्या बाजूला दोन खोल्या आपल्या मराठीच्या. तुम्ही त्या खोल्या एखाद्या किल्ल्यासारख्या राखायच्या. आम्ही शिवाजीनगरातल्या शिंप्यांच्या, रंगाऱ्यांच्या, दुकानदारांच्या मुली. घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणाऱ्या. वर्गात कुणी "बेडा" म्हटलं की तुमची पट्टी टेबलावर आपटायची. "'नको' म्हण! तोंड आहे ना तुला?" आम्ही घाबरायचो. खरं सांगायचं तर आम्हाला तुम्ही कधी आवडल्या नव्हतात. नंतर ज्या मुली तुमच्याबद्दल गहिवरून बोलायच्या त्यांनाही नाही.

माझं अक्षर चांगलं आहे हे तुम्हीच शोधून काढलंत. दरवर्षी सगळ्या म्युनिसिपल शाळांचा मिळून एक दिवस असायचा. गाणी, कवायत, शिवणकामाचं प्रदर्शन, आणि लांब टेबलांवर मांडलेली प्रत्येक शाळेची हस्तलिखितं. शिक्षण खात्याचे साहेब पानं उलटत जायचे आणि ज्या शाळेचं हस्तलिखित हातात घेऊन उभे राहायचे तिच्या शिक्षकांची मान वर व्हायची. मुलींनी लेख लिहायचे, कविता लिहायच्या, आणि ते सगळं एका मुलीनं सुवाच्य उतरवायचं, ही तुमची पद्धत. ती एक मुलगी मी. इतर मुली मैदानात दोरीवरच्या उड्या मारतायत आणि मी खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या आवडत्या सणांबद्दल लिहितेय. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता. "समास! दोन बोटं सोड म्हणून किती वेळा सांगायचं? वाचणाऱ्याचा अंगठा अक्षरावर पडता कामा नये." आणि पान फाडता. अख्खं पान. खाली चार ओळी उरलेल्या असताना.

सातवीचा निकाल तेव्हा शाळेतच लागायचा. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लष्करातल्या लोकांचे कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं. कापड मोजताना ते मला हाक मारायचे. "अक्का, साडेतीन वारात दोन सदरे बसतील का गं, मोठ्या मापाचे?" मी तोंडानं हिशेब करून सांगायची, मग ते कात्री लावायचे. मी सांगितल्याशिवाय लावायचे नाहीत. ती घरातली एक गंमतच झाली होती. आई म्हणायची, "हिचं लग्न झालं की दुकान बंद करा." त्यावर अण्णा म्हणायचे, "लग्न कसलं? हायस्कूल आहे पुढं." आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. परीक्षा संपली त्याच आठवड्यात त्यांनी निळं कापड आणलं, माझं माप घेतलं आणि हायस्कूलच्या गणवेशाचा परकर कापून ठेवला. शिवायचं निकालानंतर, असं ठरलं होतं.

निकालात मी नापास. गणितात. वर्गात नाव वाचलं गेलं नाही तेव्हा मला वाटलं, तुम्ही गाळलंत चुकून. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत आले. गळ्यात टेप तशीच, दुकानातून उठून आलेले. दाराच्या बाहेरच उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते. "बाई, पोरगी दुकानातला हिशेब तर चटाचटा करते," ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, "दुकानातलं वेगळं, मास्टर, आणि पेपरातलं वेगळं. पाया कच्चा आहे. एक वर्ष बसू द्या, पक्की होईल." अण्णांनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार." आणि त्यांनी तुम्हाला नमस्कार केला, बाई. कंबरेत वाकून.

त्यानंतर ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. कापड टेबलावर पसरायचे, ओठ हलवत स्वतः मोजायचे, पुन्हा मोजायचे, आणि मी समोर काजं करत बसलेली असताना शेजारच्या दुकानातल्या माणसाला बोलवायचे. "जरा बघ रे, साडेतीनात बसतंय का?" मला येत होतं. उत्तर जिभेवर असायचं. पण आपण नापास आहोत, आपल्याला येतंय असं नुसतं वाटतंय, अशी माझी खात्री होत गेली. आजही मी पोळ्यांसाठी पीठ घेते तेव्हा वाट्या तीनदा मोजते. माणूस एकटं, वाट्या दोन, आणि मोजते तीनदा.

ते दुसरं सातवीचं वर्ष. धडे सगळे पाठ होते. तुम्ही मला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिलीत आणि म्हणालात, "गडबड करू नको. वाच." मी ते कपाट वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत वाचलं. कळलं ते, न कळलं ते. लोक म्हणतात मला वाचनाची गोडी तुम्ही लावलीत. मला करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी वाचलं. त्या वर्षीही हस्तलिखित मीच लिहिलं, आणि साहेबांनी ते हातात घेतलं, आणि तुमची मान वर झाली. तिकडे त्याच वर्षी अण्णांना दमा जडला. दुकानात आठ आठ दिवस कुलूप. वर्षाच्या शेवटी मी पास झाले तोवर ते अंथरुणावर होते. निळ्या परकराचे तुकडे आईनं काढले, माझ्या अंगाला लावून पाहिले. मी उंच झाले होते. आई म्हणाली, "राहू दे." पावसाळा संपायच्या आत अण्णा गेले. हायस्कूलचं नाव मग घरात कुणी काढलं नाही. मी आणि आई काजं-बटणं करून दिवस काढू लागलो, आणि पुढं माझं लग्न झालं.

हे सगळं नशीब म्हणून मी सोडून दिलं होतं. पास-नापास कुणाच्या हातात असतं? मग बऱ्याच वर्षांनी तुम्ही आमच्या राजाजीनगरच्या घरी आलात. शिक्षक दिन सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि म्युनिसिपल शाळांमधल्या काही शिक्षकांचा टाऊनमध्ये मोठा सत्कार ठरला होता. त्यात तुम्ही होता. मराठीचे वर्ग टिकवल्याबद्दल. तुम्ही बसनं आलात, छत्री दाराशी टेकवलीत आणि थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. मी स्टोव्हवर सारू उकळत ठेवला होता. तुम्ही खुशीत होता. तसं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"मानपत्र तूच लिहायचंस," तुम्ही म्हणालात. "हेडमास्तरांनी मजकूर दिलाय. छापील नको म्हटलं मी. माझ्या मुलीचं अक्षर पाहिजे."

"मी नापास मुलगी, बाई," मी हसून म्हटलं. सहज.

"छे गं! तू कुठली नापास? चांगले मार्क होते तुला गणितात."

माझा हात पळीवर होता. "मग?"

"मग काय! त्या वर्षी दोन घरं बदली होऊन गेली. वरच्या दोन इयत्ता मिळून पटावर वीस मुली लागायच्या आणि तू गेलीस की उरत होत्या एकोणीस. जूनमध्ये साहेब मोजायला येणार. एक कमी दिसली की कुलूप! तुला ठेवलं आणि वर्ग वाचला." तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "आणि हस्तलिखित कुणी लिहिलं असतं? बाकीच्यांची अक्षरं म्हणजे मुंग्यांचे पाय. या शालीत तुझाही वाटा आहे म्हण की!"

"दुसऱ्या कुणाला का नाही ठेवलंत?"

तुम्ही विचार केलात. खोटं नाही बोललात, तेवढं मी मान्य करते. म्हणालात, "दुसऱ्यांचे बाप येऊन भांडले असते गं. तुझा बाप साधा माणूस. मास्टर कधी वर तोंड करून बोलला का कुणाशी?"

सारू उतू गेला. तुम्हीच म्हणालात, "अगं, बघ, बघ." मी स्टोव्ह बंद केला, ओटा पुसला, तुम्हाला भात वाढला. तुम्ही दोनदा सारू मागून घेतलात. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवलात. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "बाई एवढ्या मोठ्यानं हसत का होत्या?" मी म्हटलं, "मानपत्र लिहून पाहिजे त्यांना." हे म्हणाले, "मग लिही की. तुझ्यासारखं अक्षर आहे का कुणाचं?"

आणि मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलांना शाळेत पाठवून, जाड कागदावर, टाकानं. त्यात एक वाक्य होतं, की आपल्या हाताखालच्या एकाही मुलीचं नुकसान बाईंनी होऊ दिलं नाही. तेही मी तसंच उतरवलं. वेलांट्या एकसारख्या आल्या. सत्काराच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मुलींनी गाणं म्हटलं, कवायत केली, तुमच्या खांद्यावर शाल आली, हेडमास्तरांनी मानपत्र वाचलं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. मीही टाळ्या वाजवल्या. पुढं काही वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मात्र मी शेवटचं बघायला आले नाही. निरोप मिळाला होता. मी त्या दिवशी डाळी निवडत बसले.

ह्यांना मी हे सांगितलं ते फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते, मधेच थांबून सांगितलं. हे छताकडे बघत म्हणाले, "तेव्हाच तोंडावर का नाही बोललीस?" मी पेपर पुढं वाचायला घेतला. मी मास्टरची मुलगी, हे उत्तर होतं. हे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. पेपर अजून मोठ्यानंच वाचते. सवय.

मला ठाऊक आहे, तुमच्या त्या दोन खोल्यांमुळे पुढं कितीतरी मुली शिकल्या. एखादी बँकेत लागली, एखादी स्वतः शिक्षिका झाली. हे ठाऊक असून राग कमी होत नाही. आणि तो वर्ग तुमच्यामागे बंद पडलाच, बाई. परवा आलेली शिक्षिका कानडी शिकवते. मराठी तिच्या घरातलं आहे, माझ्यासारखंच. एक वर्ष तुम्ही माझं घेतलंत, ते मी कदाचित सोडून दिलं असतं. पण माझे वडील मरेपर्यंत समजत राहिले की आपल्या मुलीला हिशेब येत नाही. त्यांना एकदा तरी सांगायचं होतंत. दाराबाहेर वाकून उभे होते तेव्हा नाही, तर नंतर, ते आजारी असताना. शाळेपासून आमचं घर किती लांब होतं? तुम्हाला तो वर्ग वाचवायचा होता तर मला विचारायचं होतंत. तेरा वर्षांची मुलगी होते. हस्तलिखितासाठी तुम्ही मला निवडलंत म्हणून मी जेवण विसरायची. मी हो म्हटलं असतं. अण्णांना मीच समजावलं असतं, आणि ते शेजारच्या माणसाला बोलवत बसले नसते.

उत्सवासाठी चार ओळी मी वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. तुम्ही मला कपाटाची किल्ली दिलीत, एवढंच त्यात आहे. ते खोटं नाही. ती मुलगी उद्या येऊन तो कागद घेऊन जाईल. हे पत्र ट्रंकेत ठेवणार आहे, त्या निळ्या तुकड्यांच्या घडीत. आईनं ते टाकले नव्हते, मीही नाही टाकले.

घडी घालायच्या आधी पानं एकदा उलटून पाहिली. प्रत्येक पानाला डावीकडे दोन बोटं समास सोडलेला आहे. वाचणारं कुणी नाही, तरी.