नाकडोळ्यांशिवाय आई

चि. मृदुला,

शाळेतून आल्यावर तू माझं चित्र काढायचीस आणि नाक बिघडलं की रडायचीस. इथे जऊळक्याच्या शाळेत मी मुलांना नाकडोळे न काढता, नुसत्या रंगांनी आणि आकारांनी माणूस दाखवायला शिकवते. माझा गुडघा आता बराच बरा आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे?

माझ्या वर्गातल्या रंजीताची आई, कमलीबाई, दिवाळीपासून आपल्या सांगलीकडे ऊसतोडीला आहे. साध्या फोनवर नुसता आवाज येतो. काल पोर रडली. "बाई, मले मायचा चेहराच आठवून नाही राह्यला."

"जे आठवतं तेच काढ," मी म्हटलं.

तिनं मोठा मातकट गोल काढला, भोवती हिरव्या रेघा.

"हे तं भाकर हाय!" शेजारी बसलेला सतीश हसला.

"हाव. माय थापते तवा बांगड्या वाजतात."

सोबतचं चित्र तुमच्या साखर कारखान्याजवळच्या झोपड्यांत कमलीबाईंच्या हातात दे. त्यांचा फोटो काढून पाठव. तो रंजीताला देईन.

तुझी,
ताई