चुरमुरा हल्ली पाय पसरत नाही

प्रिय प्रितम,

सप्रेम जयभीम. हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. इथं पावणे गावातल्या ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर लिहायला बसलेय आणि मुद्दाम तुझ्या बेंगळुरूच्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरिअर करतेय. तुझ्या लेकीच्या, पूर्वीच्या हाती पडायला नको. का, ते पुढे सांगते. आधी सशाचं सांगते, नाहीतर तुझं लक्ष पुढच्या ओळींत लागायचं नाही.

तुमच्या घरमालकाला जनावर चालत नाही म्हणून दोन महिन्यांसाठी चुरमुऱ्याला जुईनगरला ठेवून गेलास, त्याला आता आठ महिने होतील. माझ्या ऑफिसच्या सगळ्या ड्रेसना केस लागलेत, चार्जरच्या वायरी त्यानं कुरतडल्यात. तरी बाबांना सोबत झाली म्हणून मी गप्प बसले. दुपारी टीव्हीच्या कपाटाखाली गार लादीवर मागचे पाय लांब सोडून असा पडायचा, की बाबा त्याला "साहेब" म्हणायला लागले. "साहेबांची ड्युटी संपली, आवाज करू नको." पहिल्यांदा तो धाडकन कुशीवर पडला तेव्हा मला वाटलं गेलाच, आता पूर्वीला काय तोंड दाखवू! तर हे सशांचं सुखाचं झोपणं असतं, असं तूच सांगितलंस. जयंती झाल्यापासून ते सगळं बंद आहे. कपाटाखालची जागा त्यानं सोडली. बाबांच्या खुर्चीपाशी अंग चोरून बसतो, पाय पोटाखाली, कान उभे. डोळा लागतोय म्हणेपर्यंत दचकून उठतो.

मग तुझे फोन सुरू झाले. कसा झोपला, गवत खाल्लं का, लेंड्या केवढ्या झाल्या! दिवसभर लोकांची बिलं तपासून घरी यायचं आणि सशाच्या लेंड्यांचा आकार बघायचा, यासाठी मी बी.कॉम. झाले का रे? तू सांगितलंस उकाडा असेल, मी बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली. तू म्हणालास चटई बदल, बदलली. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणाऱ्या केशरबाई दारातूनच म्हणाल्या, "बाय गो, दिष्ट लागलीय त्याला, मीठ-मिरच्या उतर." बाबासाहेबांच्या फोटोखाली सशावरून मिरच्या उतरल्या असत्या, तर बाबांनी मलाच घराबाहेर काढलं असतं. त्यात तू तो कॅमेरा पाठवलास. जमिनीलगत लाव म्हणालास, म्हणजे पूर्वीला तो नीट दिसेल. लावला. त्या डबीतून पूर्वीचा आवाज आला की बाबा खुर्चीत ताठ बसतात आणि हसऱ्या आवाजात सांगतात, "आजोबा एकदम ठणठणीत!"

गेल्या आठवड्यात अर्धी रजा टाकली, टोपलीत घालून त्याला सशांच्या डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात तो माझ्या मांडीवर मुतला, तेही ऐकून ठेव. डॉक्टरांनी दात बघितले, पोट चाचपलं, वजन केलं. काही नाही. म्हणाले, "ससा दुखणं सांगत नाही, लपवतो. तो कसा बसतो, कसा झोपतो, तेवढ्यावरूनच ओळखायचं. याला आजार दिसत नाही. याची झोपमोड होतेय. घरात काय बदललंय?" मी म्हटलं, काहीच नाही, आम्ही दोघंच तर असतो.

घरी आले तर भर दुपार. बाबांना वाटलं असणार मला यायला अजून उशीर आहे. ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. समोर टीपॉय ओढलेला, त्यावर उशी आणि उशीवर डोकं. दिवाण रिकामा. मी चपला काढतेय तेवढ्यात ते गुदमरल्यासारखे उठले, छातीवर हात ठेवून तोंडानं श्वास घेत राहिले. मग पुन्हा डोकं टेकलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी टोपली उघडली तसा चुरमुरा सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसला. ते धडपडून उठले की त्याचेही कान उभे. तो त्यांच्याचपाशी का जातो हे मला ठाऊक नाही, पण त्याची झोप कोण मोडतंय ते समजलं. बाबांना विचारलं तर आधी "मला काय धाड भरलीय?" मग खाली बघून म्हणाले, "आडवं पडलं की श्वास कोंडतो गं." जयंतीपासून ते असेच झोपताहेत. मी आतल्या खोलीत गेले की दिवाणावरून उठून खुर्चीत, आणि सकाळी मी उठायच्या आत चादर घडी करून तयार.

तेव्हापासून माझ्या मस्तकात तिडीक उठलीय, प्रितम. माझ्यावर आहेच, मी त्याच घरात राहते. पण तुझ्यावर जास्त आहे. त्या कॅमेऱ्यात ससा दिसतो, खुर्चीचा पाय दिसतो आणि बाबांची पावलं दिसतात. मी स्वतः मागचं सगळं रेकॉर्डिंग काढून बघितलं. रात्रभर ती पावलं तिथंच आहेत, सुजलेली, चपलेच्या पट्ट्यात न मावणारी. तू मोठं करून सशाच्या मिशा बघितल्यास. रोज न चुकता विचारलंस चुरमुरा कसा झोपला. बाबा कसे झोपतात, हे एकदा तरी विचारलंस?

हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. झडप खराब झालीय, ऑपरेशन लवकर करा, थांबण्यासारखं नाही म्हणाले. बाबा तयार नाहीत. तू नव्या कंपनीत आत्ताच लागलास, प्रोबेशन संपू दे म्हणतात. प्रितमला फोनवर एक शब्द जरी बोललीस तर दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणून फोन केला नाही, कागदावर लिहिलं. तुझ्या घरी पाठवलं असतं तर पूर्वीनं वाचून त्या डबीतून आजोबांना विचारलंच असतं. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. रागावलेय खूप, पण त्याहून जास्त घाबरलेय रे. आई गेली तेव्हा आपण दोघं होतो, या वेळी मला एकटीला ठेवू नकोस. हे वाचून फोन लावू नकोस, फोनवर ते ठणठणीतच असतात. तू ये.

तुझीच,
ताई