अठरा सेकंद उशीर

दि. ९ मार्च, शनिवार

लाडक्या ठकूस,

आजीचे पोतंभर आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तुझ्या आईने नवे पडदे शिवले, माप चुकलं, आता जमिनीवर लोळतात. माझं अक्षर लावून वाच, चौथीनंतर हाताला सवयच नाही.

अगं, तुझा उपग्रह पुन्हा वर गेला! पेपरात आज आलंय, मला गुरुवारीच कळलं.

कसं ते ऐक. खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले काका संध्याकाळी गच्चीवर उपग्रह बघतात. कोणता किती वाजता दिसणार, याचा आठवड्याचा कागद असतो त्यांच्याकडे. तू गेलीस, तुझा फोन येईना, तशी मीही जायला लागले. म्हटलं, मला आमच्या नातीचाच दाखवा. ठिपका ठरलेल्या दोन ताऱ्यांमधून गेला की मी त्यांनी हातात दिलेल्या घड्याळाचं बटण दाबायचं.

महिनाभर तो कागदाच्या आधीच यायचा. मी खूश, गुणाचं पोर वेळेआधी हजर! काका म्हणाले, "वहिनी, लवकर येणं वाईट. खाली घसरतोय तो." पेपरातही आलं, की तो तुमच्या केंद्राचा हुकूम ऐकत नाही, पडणार. मला घास गोड लागेना.

बुधवारी मात्र अठरा सेकंद उशीर. काका म्हणाले, "वहिनी, अंगठा पेंगला तुमचा."

"तुमचं घड्याळ पेंगलं असेल!"

गुरुवारी छत्तीस. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोरीने वर उचलला हो! वरची वाट लांबची, म्हणून उशीर." मी गच्चीवर गिरकीच घेतली. गुडघा त्यानंतर दुखला, तो भाग वेगळा.

आता एक राहिलंय, ते लिहिते. तू नोकरीला निघालीस तेव्हा दारात सगळ्यांदेखत मी म्हटलं, बटणं दाबायला एवढं शिकायला कशाला हवं, माझा अंगठाही दाबेल. तू चपला घातल्यास आणि मागे वळून पाहिलं नाहीस. मग मी तुझ्या आईवर खापर फोडलं, म्हणे तिने तुला लाडावलंय. पण बोलले मीच. ठकू, एक साधं बटण वेळेवर दाबायला मला दोन महिने लागले गं.

फोन कर. आधी झोप काढ, चार घास पोटात जाऊ देत. उशीर झाला तरी चालेल. उशिराला मी आता घाबरत नाही.

रोज संध्याकाळी वर बघणारी,
तुझी चुकलेली आजी