यांचं मला कळतं

३ जून
अर्धांगाच्या झटक्याने यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. तीन महिने झाले. पण माझं काही अडत नाही. डावा हात हलला की मला कळतं – पाणी, चष्मा, पंखा. चाळीस वर्षं काय उगीच संसार केला?

९ जून
मुठ्याहून दीर आले. यांचा डावा हात सारखा हवेत. जन्मभर दुकानात गिऱ्हाइकाला डाव्या हाताने सुतळीसुद्धा दिली नाही, आणि आता चारचौघांत तोच हात नाचवायचा! मी वरून शाल घातली. यांनी काढली. मी परत घातली.

१४ जून
जुनैद आला. आपलं पौडचं कापडाचं दुकान एक मोबाइलवाला भाड्याने मागतोय. जुनैद म्हणाला, "अब्बा हो म्हणाले तरच." यांनी शालीतून हात काढला, हळूहळू बाजूला नेला. मी सांगितलं, "देऊन टाक म्हणतायत."
"नक्की ना, अम्मी?" दोनदा विचारलं पोराने. मला रागच आला. मला नाही कळणार तर कोणाला?

१८ जून
दुकानातले तागे विकून टाकले. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून. चहा घेतला नाही. वाईट वाटणारच, हातचं दुकान गेलं.

२ जुलै
भुकूमहून मेधाबाई आल्या, बोलायला शिकवणाऱ्या. आल्या आल्या शाल काढली. "हसिनाताई, हात झाकला की बोलणंही अडतं. हात हलू दे, शब्द त्याच्या मागून येतो. आणि तुम्ही ओळखायचं नाही. थांबायचं."
मी आणि थांबायचं!
यांनी ओंजळीसारखा हात केला. एकदा, दोनदा. मी पदर मुठीत धरून बसले. "पा… पानी." आत जाऊन खूप रडले.

५ जुलै
दिवसभर जीभ दाताखाली. फार अवघड आहे.

२१ जुलै
सकाळी यांनी मला समोर बसवलं. हात वर केला, हळूहळू बाजूला नेला. जुनैदसमोर नेला होता, अगदी तसाच. मी थांबले. चहा गार झाला तरी थांबले.
"दुकान… द्यायचं न्हाई… म्हणलो व्हतो."
मग हे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी काय बोलते, याची वाट बघत.