एक नळी, अनेक तोंडं

१२ ऑक्टोबर

तीर्थरूप दादास,

नमस्कार. साष्टांग आज घालवत नाही. आईला सांग, धाकटी आता थोडं थोडं गिळू लागली आहे.

सकाळी तिने विचारलं, "ताई, दादाला माझा एवढा राग का आला?" प्रश्न तसाच तुला धाडते. उत्तर देता येतं का बघ.

तिला ग्रंथिज्वर आहे, रक्ताच्या तपासणीत निघाला. ताप, मानेला दोन्हीकडे गाठी, घसा असा की थुंकीही गिळवेना. तू म्हणालास, कामचुकारपणा. मग स्वतःच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्यास. हा विषाणूचा ताप, त्यावर त्या चालत नाहीत. उलट अंगभर पुरळ उठतं. तसंच उठलं. शेजारचा कंपाउंडर हसत म्हणाला, हा तर मुका घेतल्याचा ताप.

झालं! भर काचभट्टीवर, कारागिरांसमोर तू तिला विचारलंस, "कोण आहे तो?"

तिच्या डाव्या गालावरचा वळ पुरळाचा नाही, हे डॉक्टरीणबाईंना बघताक्षणी कळलं. मी मान खाली घातली.

दादा, हा ताप थुंकीतून पसरतो. आपल्याकडे काच फुंकायची नळी या तोंडातून त्या तोंडात जाते. काचेचा पहिला फुगा तू फुंकतोस, पुढे तीच नळी ती फुंकते. काच थंड होईल म्हणून पुसायचीही कोणाला फुरसत नसते. महिन्याभरापूर्वी घसा कोणाचा धरला होता? भरदुपारी पोत्यांवर कोण आडवं होत होतं? तेव्हा तुला कोणी विचारलं नाही, कोण आहे ती.

रिपोर्ट वाचून दाखवला तर म्हणालास, "चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नकोस." माझं पदवीचं प्रमाणपत्र भट्टीच्या भिंतीवर टांगून गिऱ्हाइकांना दाखवणारा तूच ना?

यावर औषध म्हणजे विश्रांती, भरपूर पाणी आणि तापापुरती पॅरासिटामॉल. तिची प्लीहा सुजली आहे. जड उचललं, पोटाला धक्का बसला, तर ती फुटू शकते, जिवावर बेतू शकतं. आणि तू निरोप धाडतोस, सोमवारी कामावर पाठव.

ती येणार नाही. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत माझ्याच खोलीत राहील.

काल तू माल पोचवायला गेलास, तेव्हा मी भट्टीवर आले होते. तू तिला जिथे उभं केलं होतंस तिथेच उभी राहून सगळ्यांना सांगितलं, ताप कसा पसरतो आणि आधी कोणाला आला होता. ऐकून थोरल्या कारागिराने हातातली नळी पुसली.

येताना भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून आणलं. खिळा तुझा आहे, तो ठेवला.

तुझी,
चार बुकं शिकलेली बहीण